वडजू, तिवरजू

जू म्हणजे खाडीतलं बेट.
बैलाच्या मानेवर असतं तेही जूच.
हरेश्वर चौतीस वर्षं वागळे इस्टेटीत
पॉवर प्रेससमोर उभा होता,
त्याला दुसरा अर्थ सांगावा लागला नाही.

कंपनी बंद झाली. शेड पाडली.
प्रेस भंगारात गेली असं सगळे म्हणतात,
पण ती याच्या डाव्या कानात आली.
बारीक शिटी. कुकरची नव्हे,
कुकरच्या निदान मोजता येतात.
कानाचा डॉक्टर म्हणाला, सवय करून घ्या,
नाहीतर शांत जागी राहायला जा.
आमची खिडकी घोडबंदर रोडवर उघडते,
म्हणजे उघडत नाही.

म्हणून रविवारी कोलशेतहून
जोमा भोईरच्या होडीत बसलो.
माणशी वीस रुपये, सायकलचे दहा,
बोकडाचे बोकड बघून.

आधी वडजू.
बावीस घरं, अकरांना कुलपं.
शाळेत दोन मुलं आणि घंटा,
घंटा वाजवायची गरज कुणाला पडत नसावी.
धाऊबाईने ओटी झाडून ठेवली होती.
मागे विहीर, दगडी पायऱ्यांची,
पाणी ओंजळीत घेऊन प्यायले
तर गोड.
एकतीस वर्षं मी महापालिकेत पाणीपट्टीची बिलं फाडली,
असं पाणी एकाही बिलावर नव्हतं.
मनातल्या मनात मी तिथे तुळस लावली,
वाळवणाची जागा ठरवली,
माझी शिलाईची मशीन उत्तरेच्या खिडकीशी ठेवली.
"आमचे गावान आवाजच नाय,"
धाऊबाई म्हणाली, मुलीचे गुण सांगावेत तशी.

आणि खरंच नव्हता.
कुत्रंसुद्धा आमच्याकडे बघून परत झोपलं.
हरेश्वर ओटीवर बसला,
मग त्याने कानात बोट घातलं,
मग दोन्ही कानांत.
"चल," म्हणाला.
चहा अजून यायचा होता.

तिवरजू बघायचं म्हणून बघितलं.
घरावर सिमेंटचा पत्रा, संडास चार घरं सोडून.
विहीर आहे, तिच्यात भांडी घासतात.
प्यायचं पाणी होडीतून येतं, निळ्या पिंपांत,
वाऱ्याच्या दिवशी येतच नाही.
गावाच्या तोंडाशी उघाडी:
भरती लागली की फळ्यांच्या फटींतून
खाडी आत घुसते, ओहोटीला बाहेर,
दिवसरात्र खळखळ,
म्हातारीने चूळ भरत राहावी तशी.
त्यात एक पोरगा होडीचं इंजिन खोलून बसलेला,
चालू करायचा, शिवी द्यायचा, बंद करायचा.
मी पिंपं मोजत होते. माणशी किती, आठवड्याला किती.
सवय जात नाही.

वळून बघते तर बांधावर
चपला उशाला घेऊन
हरेश्वर झोपलेला.
तोंड उघडं. हातावर माशी.
घरात हा गोळी घेऊन तीनला झोपतो.
मी पोराला खुणेने सांगितलं,
करत राहा तुझं, थांबू नकोस.
चाळीस मिनिटं.
मी चिखलातल्या निवट्यांकडे बघत बसले
आणि वडजूतली मशीन
उत्तरेच्या खिडकीपासून उचलून परत गुंडाळली.

परतीच्या होडीत म्हटलं, "तिवरजू."
"काय?"
"तिवरजू घेऊ!"
"कुठलं?"
तिसऱ्यांदा मी ओरडलेच.
बोकडवाला दचकला, बोकड दचकला,
काहीतरी बिघडलं असं वाटून
जोमाने इंजिन बंद केलं.
होडी नुसतीच वाहायला लागली, थोडी आडवी.

दोन्ही काठांना आता आमचा निर्णय माहीत.
धाऊबाईला संध्याकाळपर्यंत कळेल.
ती ओटी उगाच झाडली म्हणेल.

"तिवरजूला पान्याचा पिंप शंभराला परतो, ताई,"
जोमा म्हणाला, हळूच, माझ्यापुरतं.
"माहितीये," मी म्हटलं, त्याहून हळू.

"शंभर?"
हरेश्वरने विचारलं.